काट्याचे म्हणणे

मोटारीतला इंधनाचा काटा इंधन मोजत नाही. टाकीत एक फ्लोट तरंगत असतो, त्याला एक दांडी जोडलेली असते. पेट्रोलची पातळी उतरली की फ्लोट खाली जातो, दांडी फिरते आणि तिच्या टोकाची पत्ती विद्युतरोधाच्या एका पट्टीवर सरकते. रोध बदलला की तारेतला प्रवाह बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. काट्याला टाकी ठाऊक नसते; त्याला ठाऊक असते ती फक्त तार. सदाशिव पेठेतल्या वाड्यात तळमजल्यावरची बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचे जे होते, तेच पेट्रोलच्या बातमीचे या प्रवासात होऊ शकते. फरक इतकाच की वाड्यातली बातमी फक्त वाढते. तारेतली कधी वाढते, कधी आटते आणि कधी वाटेतच बसून राहते.

काट्याच्या चुका दोन जातींच्या. काही जन्मजात, काही पुढे जडलेल्या. जन्मजात चुकांवर औषध नाही आणि तक्रारी मात्र बहुतेक त्यांच्याच असतात.

टाकी चौकोनी डब्यासारखी असती तर फार सोपे झाले असते. पण आजच्या मोटारीत टाकीला मागच्या सीटखाली उरेल ती जागा मिळते. एकीकडून सायलेन्सरचा पाइप जातो म्हणून तिला खाच पडते, दुसरीकडे चाकाचा आस आडवा येतो म्हणून तिला पोट आत घ्यावे लागते. तिचा आकार अभियंत्यापेक्षा शेजाऱ्यांनीच अधिक ठरवलेला असतो. अशा टाकीत वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये जेवढे पेट्रोल मावते तेवढे तळाच्या पाच सेंटिमीटरमध्ये मावत नाही. नव्या गाड्यांतला संगणक या वेड्यावाकड्या आकाराचा हिशेब मनात धरून काटा हलवतो. जुन्या गाड्यांत तो हिशेब मालकाने करायचा असतो. शिवाय टाकी काठोकाठ भरण्याआधीच फ्लोट वर टेकतो. त्यावरचे दोन-चार लिटर त्याच्या लेखी नसतातच. म्हणून टाकी फुल केल्यावर काटा बराच वेळ जागचा हलत नाही.

हा काळ मालकाच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. स्वारगेटहून निघून साताऱ्याच्या अलीकडे पोचेपर्यंत काटा फुलवर आहे, हे तो पुढचे आठ दिवस सांगत फिरतो. मग काटा एकदाचा सुटतो आणि पावापर्यंत झपाट्याने उतरतो. तेव्हा मालक तीच गोष्ट सांगत नाही. तो वॉचमनकडे संशयाने पाहू लागतो.

खालच्या टोकाला कंपन्यांनी मुद्दाम एक लबाडी करून ठेवलेली असते. काटा रिकाम्याच्या खुणेला टेकला तरी टाकीत काही लिटर शिल्लक असतात. माणूस रस्त्यात अडकू नये हा त्यामागचा हेतू. हा हेतू ज्याला माहीत नाही त्याच्याच बाबतीत तो सफल होतो. पुण्यात तो सर्वांना माहीत आहे. त्यामुळे इथे रिकाम्याच्या खुणेपासून खरा प्रवास सुरू होतो. दिवा लागला की ‘अजून चाळीस किलोमीटर आरामात जाते’ हे वाक्य पुढच्या सीटवरून येते आणि मागच्या सीटवर शांतता पसरते. या चाळीसच्या आकड्याचा उगम सहसा सापडत नाही. गाडी कोणतीही असो, टाकी केवढीही असो, आकडा चाळीसच असतो. टाकीत पाच लिटर शिल्लक आहेत आणि गाडी लिटरला पंधरा देते, असे धरले तर पंचाहत्तर किलोमीटर निघतात. दीड लिटर शिल्लक असेल तर बावीस. चाळीस हे त्यांच्यामधले पुणेरी मध्यममान म्हणता येईल.

तिसरी जन्मजात चूक भूगोलाची. फ्लोट टाकीत एकाच जागी असतो आणि पेट्रोल मात्र उताराकडे धावते. सपाट गावात यातून फारसे बिघडत नाही. पुण्यात चांदणी चौकाचा चढ आहे, कात्रजचा घाट आहे, सहकारनगरच्या गल्ल्या आहेत आणि तळघरात पार्किंग असलेल्या प्रत्येक सोसायटीचा स्वतःचा एक घाट आहे. रॅम्पवर नाक वर करून उभी असलेली गाडी आणि तीच गाडी जागेवर लावल्यावर, यांत काट्याचे मत बदलते. बोरघाट चढताना पाव टाकी दाखवणारा काटा लोणावळ्याच्या सपाटीवर वेगळेच काही म्हणू लागतो. यात बिघाड नाही. काट्याचे वाचन सपाट जागी, गाडी उभी असताना आणि किल्ली फिरवून थोडा वेळ थांबून करायचे असते. पेट्रोल डचमळले तरी काटा नाचू नये म्हणून त्याला मुद्दाम सुस्त केलेले असते. जुन्या मीटरमध्ये तर दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकायची आणि काटा ढकलायची. तिला वेळ लागायचाच. किल्ली फिरवल्या क्षणी निकाल मागणाऱ्याला चुकीचा निकाल मिळतो, हे इतर खात्यांतही खरे आहे.

काटा असावाच लागतो असेही नाही. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत पुढच्या सीटखाली टाकी होती. सीट उचलायची, टाकीत पट्टी बुडवायची, ओली खूण बघायची. पेट्रोल उतरणीने इंजिनकडे जाई, त्यामुळे टाकीत कमी असताना उभा चढ आला की ते इंजिनापर्यंत पोचेना, आणि लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत. फोल्क्सवागनच्या बीटल गाडीला इंधनाचा काटा मिळायला १९६० नंतरचा काळ उजाडावा लागला. तोवर पायाशी राखीव पेट्रोलचा एक खटका असे. पुण्याला या खटक्याचा परिचय आकुर्डीतून झाला. बजाज चेतक १९७२ साली तिथल्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि सुरुवातीच्या चेतकला काटा नव्हता, कॉक होता. ऑन, रिझर्व्ह, ऑफ. गाडी आचके देऊ लागली की चालत्या गाडीवर सीटखाली हात घालून कॉक फिरवायचा आणि पंप गाठायचा. यंत्र म्हणून याहून प्रामाणिक काही नाही: त्यात तार नाही, फ्यूज नाही, पेट्रोल पातळीखाली गेले की थांबते, एवढेच.

दोष माणसात होता. पेट्रोल भरल्यावर कॉक परत ऑनवर आणायचा असतो. वडील तो रिझर्व्हवरच ठेवत. पुढे मुलगा स्कूटर घेऊन कॉलेजला निघे, अलका टॉकीजच्या चौकात गाडी आचके देई, तो निर्धास्तपणे खाली हात घाली आणि कॉक आधीच रिझर्व्हवर असल्याचे त्याच्या लक्षात येई. मग स्कूटर एका बाजूला कलती करणे, गदागदा हलवून टाकीचा आवाज ऐकणे, झाकण उघडून आत डोकावणे, हे विधी ठरलेले. त्या पिढीने मोटार घेतल्यावरही काट्यावर कधी पूर्ण विश्वास ठेवला नाही. काटा काय म्हणतो ते ती बघते, पण हिशेब मनात वेगळा ठेवते.

मनातल्या हिशेबाचा धोका किती मोठा असू शकतो, याचे जगातले सर्वांत उंचावरचे उदाहरण २३ जुलै १९८३ चे आहे. एअर कॅनडाच्या नव्या कोऱ्या बोइंग ७६७ विमानातली इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती. कर्मचाऱ्यांनी रीतसर मोजपट्टीने टाकीतली पातळी मोजली. कॅनडा तेव्हा नुकताच मेट्रिक पद्धतीकडे वळत होता. विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. वजनाचा गुणक पौंडांचा धरला गेला आणि विमानात होते २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. एक्केचाळीस हजार फुटांवर इंधन संपू लागले आणि दोन्ही इंजिने एकापाठोपाठ एक बंद पडली. वैमानिकांनी ते अवाढव्य विमान ग्लायडरसारखे तरंगवत गिमली या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि आतले सर्व ६९ जण वाचले. मोजपट्टी बरोबर होती. गुणाकार चुकला होता.

आता जडलेल्या चुका. इथे शोधाचा क्रम महत्त्वाचा, कारण गॅरेजमध्ये तो बहुधा उलटा असतो. ‘टाकी उतरवावी लागेल’ हे वाक्य तिथे सर्वांत आधी ऐकू येते आणि ते सर्वांत शेवटी यायला हवे.

प्रथम बघायचे ते काटा एकटाच खोटे बोलतो आहे की शेजाऱ्यांना घेऊन. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदमच वर चढलेले किंवा दोन्ही पडलेले असतील, तर टाकीचा काही संबंध नाही. मीटरला मिळणारा विद्युतदाब सांभाळणारा स्टॅबिलायझर, फ्यूज किंवा डॅशबोर्डची अर्थिंग, यांपैकी कोणीतरी दोषी आहे. अर्थिंग हा शब्द इलेक्ट्रिशियन ज्या आदराने उच्चारतात तो सार्थ आहे. पावसाळ्यात चार महिने चिखलाचे पाणी खाल्लेल्या गाडीच्या बुडाशी जो एक गंजलेला नटबोल्ट असतो, त्यावर निम्मे चमत्कार अवलंबून असतात. तो घासून साफ केला आणि पुन्हा घट्ट केला की बरे झालेले काटे पुष्कळ आहेत. डॅशबोर्डवर थाप मारल्याने काटा काही काळ सुधारतो, त्याचेही कारण कुठेतरी जोड सैल आहे हेच. थाप हे निदान आहे, उपचार नव्हे. काही मालक गेली कित्येक वर्षे रोज सकाळी निदानच करत आहेत.

एकटाच काटा चुकत असेल तर टाकीवरच्या सेंडरचा, म्हणजे फ्लोट, दांडी आणि रोधाची पट्टी या जोडणीचा, प्लग काढायचा. साध्या जुन्या मीटरमध्ये प्लग काढताच काटा एका टोकाला जायला हवा, आणि ती तार क्षणभर बॉडीला टेकवली की दुसऱ्या टोकाला. गेला, तर मीटर आणि तार निर्दोष, गुन्हेगार टाकीत. नाही गेला, तर टाकी सुटली. कोणत्या वेळी कोणते टोक हे कंपनीकंपनीवर अवलंबून असते. मीटरमध्ये संगणक असलेल्या गाडीत ही युक्ती करू नये. तिथे स्कॅनर लावून सेंडरचा आकडा वाचता येतो. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी यांची ओळख करून देणे कोणत्याच गाडीत बरे नाही, म्हणून टाकी उघडून काम करायचे असेल तर बॅटरी आधी सोडवायची आणि ‘जरा लांब उभा राहून ओढतो’ म्हणणाऱ्या सल्लागाराला चहाच्या टपरीवर पाठवायचे.

टाकीतला गुन्हेगार त्याच्या वागण्यावरून ओळखू येतो. पोकळ फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले की तो बुडतो आणि काटा कायम रिकामा दाखवतो. दांडी वाकून अडकली तर काटा एकाच ठिकाणी ठाण मांडतो. काटा एका ठरावीक जागी थरथरतो किंवा एकदम पडतो आणि पुढे पुन्हा ठीक चालतो, तेव्हा रोधाची पट्टी त्या जागी झिजलेली असते. पत्ती जिथे जास्त वावरते तिथे पट्टी आधी झिजते. सतत दोनशे रुपयांचेच पेट्रोल टाकणाऱ्याच्या गाडीची पट्टी तळाकडे झिजणार आणि टाकी फुल करणाऱ्याची वरपासून खालपर्यंत सारखी. काटकसरीचा इतका नीट नोंदलेला पुरावा आयकर खात्याकडेही नसेल.

पेट्रोलही सेंडरला बिघडवू शकते. मे २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियाना भागात शेलच्या काही पेट्रोलमध्ये जास्त गंधक गेले, सेंडरमधले चांदीचे स्पर्शबिंदू काळवंडले आणि भरलेल्या टाक्या रिकाम्या किंवा रिकाम्या टाक्या भरलेल्या दिसू लागल्या. भारतात १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भाग इतकी खाली आणलेली आहे, तेव्हा ते निमित्त इथे सहसा पुरत नाही. इथेनॉलचे निमित्त सध्या जोरात आहे. वीस टक्के इथेनॉलने अ‍ॅव्हरेज थोडे घटते, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. काटा लवकर उतरतो तो त्यामुळे. खोटा ठरतो तो त्यामुळे नव्हे.

सेंडर बदलायचाच ठरला तर नाना पेठ आहे आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. जुन्या बाजारात सेंडर मिळतो. तो कोणत्या गाडीचा ते मिळेलच असे नाही. युरोपीय पद्धतीचा सेंडर रिकाम्या टाकीला दहा ओहम आणि भरलेल्या टाकीला एकशे ऐंशी ओहम दाखवतो. अमेरिकी पद्धतीचा एक प्रचलित सेंडर रिकाम्याला दोनशे चाळीस आणि भरलेल्याला तेहतीस. एका पद्धतीचा सेंडर दुसऱ्या पद्धतीच्या मीटरला जोडला की टाकी भरत जाईल तसा काटा खाली येतो आणि पेट्रोल संपत आले की गाडी श्रीमंत होते. हे लक्षात आल्यावर सेंडर परत करायला जाणाऱ्याला जुना बाजार पुढच्या बुधवारी भेटतो, विकणारा भेटेलच असे नाही. सेंडर काढला की मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू वर-खाली करावी. आकडा सलग बदलत गेला तर तो ठीक, मध्येच उडाला तर भंगार. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असते आणि हे सर्व टाकी न उतरवता होते. हे झाकण आहे का, हे गॅरेजला जाण्यापूर्वी मालकाने स्वतः बघून ठेवावे.

यंत्र निर्दोष ठरले की संशय पंपाकडे वळतो. ‘दोनशेचे टाकले, काटा हलला नाही’ ही पुण्यातली सर्वांत जुनी फिर्याद. इथे पेट्रोलने २०२१ मध्ये लिटरला शंभरी ओलांडली. तेव्हापासून दोनशेत दोन लिटरही येत नाहीत. पस्तीस-चाळीस लिटरच्या टाकीत हा विसावा हिस्सा. सुस्त केलेल्या काट्याने त्यासाठी उठून उभे राहावे अशी अपेक्षा करणे जास्त आहे. काही गाड्यांत किल्ली चालू ठेवून पेट्रोल भरले तर मीटर बराच वेळ जुनाच आकडा धरून बसतो. मापात मारण्याचा संशय खराच असेल तर उपाय कायद्यात आहे: वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप पंपावर ठेवावे लागते, ग्राहक ते मागू शकतो आणि पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. दोनशेऐवजी दोनशे दहाचे मागितल्याने यंत्र गोंधळते, या समजुतीला आधार नाही. पण ती बाळगणाऱ्याला तसे सांगून उपयोगही नाही.

नव्या गाड्यांत काट्याच्या जोडीला ‘अजून इतके किलोमीटर’ असा आकडा येतो. तो म्हणजे भाकीत. अलीकडच्या काही अंतरातला खप धरून गाडी पुढचे अंतर सांगते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना पेट्रोल खर्च होत असूनही हा आकडा वाढतो आणि मालक चकित होतो. लक्ष्मी रोडवर शनिवारी संध्याकाळी तो किलोमीटर न धावता घटतो. जाहिरातीतले अ‍ॅव्हरेज आणि या आकड्यात जे अंतर असते, त्याचे मूळ शहरातच आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे; तिच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळापत्रकाने धावते. तिथून निघणारा अ‍ॅव्हरेजचा आकडा गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी आहे. रोलरवर कोणी उलट्या दिशेने येत नाही आणि कर्वे रस्त्यावर कोणी रोलर बसवलेले नाहीत.

सीएनजीच्या किटवर चार दिवे असतात. ते दाब बघून लागतात आणि दाब तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून जानेवारीतल्या पहाटे एक दिवा विझतो आणि दुपारी रांगेत उभे असताना पुन्हा लागतो. विजेच्या गाड्यांत टक्के असतात, तेही अंदाजच.

खोट्या काट्यासह जगायचे असेल तर एक रीत आहे. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, आणि पुढच्या प्रत्येक वेळी सपाट जागी काटा कुठे आहे ते बघून पुन्हा फुल होईपर्यंत किती लिटर गेले ते लिहून ठेवायचे. काही भरण्यांनंतर काटा अर्ध्यावर असताना दर वेळी साधारण तेवढेच लिटर जात असतील, तर काटा चुकीचा असला तरी वचनाचा पक्का आहे. त्याला हात लावू नये. दर वेळी वेगळाच आकडा येत असेल तरच खर्च करावा. तोवर पाव टाकीला रिकामी म्हणावे, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो आणि कोरडा चालला की जळतो. डिझेलची गाडी तर पूर्ण रिकामी झाली की एअर घेते, आणि मग पाच लिटर ओतूनही मेस्त्रीशिवाय हलत नाही. चाळीस किलोमीटरच्या हिशेबावर ज्यांचा अजूनही विश्वास आहे त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल देण्यास मनाई आहे.